परस्परांचे मंडळ : मेक्सिकन मजुरांची वर्गणी, मयत आणि उत्सव
(शताब्दी सोहळ्यात झालेल्या भाषणाचा मजकूर)

शताब्दी समितीने आम्हाला बोलावले तेव्हा एक अट घातली. म्हणाले, "वारीवर बोलणारे अधिकारी पुरुष पुष्कळ येणार आहेत. तुम्ही परमुलखातले काही सांगा. गरीब माणसे एकत्र आली, वर्गणी काढली, नि वर्षानुवर्षे टिकली, असे कुठे झाले असेल तर ते सांगा." अट आम्हाला आवडली. कारण शंभर वर्षांचा सोहळा म्हटला की भाषणे सगळी आरती ओवाळल्यासारखी होतात, आणि हिशेबाची वही मागेच राहते. आम्ही आज वहीबद्दल बोलणार आहोत. वही मात्र मेक्सिकन मजुरांची आहे.

मेक्सिको आपल्याला अगदीच परका नाही, हे आधी सांगून टाकतो. आपल्या वर्ध्याचे पांडुरंग सदाशिव खानखोजे, गदर चळवळीतले क्रांतिकारक, हद्दपारीत फिरत फिरत मेक्सिकोला पोचले, तिथल्या चापिंगोच्या कृषिविद्यालयात प्राध्यापक झाले, मक्यावर संशोधन केले, शेतकऱ्यांसाठी मोफत शाळा काढल्या. दिएगो रिवेरा या तिथल्या मोठ्या चित्रकाराने त्यांना भिंतीवरच्या चित्रात रंगवले आहे. पण ते मेक्सिकोच्या आतले झाले. आमची गोष्ट मेक्सिकोबाहेर गेलेल्यांची, उत्तरेला अमेरिकेत पोट भरायला गेलेल्यांची आहे.

खरे म्हणजे 'गेलेल्यांची' हा शब्दही अर्धाच खरा. १८४८ साली युद्धानंतर तह झाला आणि मेक्सिकोचा उत्तरेकडचा निम्मा मुलूख अमेरिकेकडे गेला. कॅलिफोर्निया, ॲरिझोना, न्यू मेक्सिको, कोलोरॅडोचा भाग. टेक्सास त्याआधीच गेले होते. तिथे जी माणसे पिढ्यान्‌पिढ्या राहत होती ती जागची हलली नाहीत, सरहद्दच त्यांच्या डोक्यावरून पुढे सरकली. मग १८८० नंतर रेल्वे आली, तांब्याच्या खाणी निघाल्या, कापसाची नि भाजीपाल्याची शेती वाढली, आणि दक्षिणेतून मजूर येऊ लागले. १९१० मध्ये मेक्सिकोत क्रांती पेटली, तेव्हा तर लोंढेच आले. आता जुने राहणारे आणि नवे आलेले, दोघांनाही गोऱ्या अमेरिकन शेजाऱ्याने एकाच नजरेने पाहिले. शाळा वेगळी, वस्ती वेगळी, पुष्कळ गावांत स्मशानभूमीसुद्धा वेगळी. खाणीत एकाच कामाला गोऱ्याची मजुरी जास्त, मेक्सिकनाची कमी, आणि हे लपूनछपून नव्हे, उघड.

अशा ठिकाणी माणसाला पहिली भीती कशाची वाटत असेल? भुकेची? नाही हो. भूक ओळखीची असते. पहिली भीती अशी, की आपण इथे मेलो तर आपल्याला माती कोण देणार? खाणीत दरड कोसळली, रेल्वेचा रूळ उचलताना माणूस चिरडला, तर कंपनी त्या दिवसापर्यंतची मजुरी हिशेबाने देत असे आणि तेवढ्यावर प्रकरण मिटवत असे. विमा कंपन्या या लोकांना दारात उभे करत नव्हत्या. मग बायको-पोरांनी झोळी फिरवायची, तेव्हा पेटी यायची. परमुलखात मेल्यावर झोळी फिरवावी लागू नये, एवढ्या एका गोष्टीसाठी ही मंडळे निघाली. त्यांना स्पॅनिशमध्ये म्हणत 'सोसिएदाद मुतुआलिस्ता'. मुतुआलिस्ता म्हणजे परस्परांचे. आपल्या भाषेत परस्पर साहाय्य मंडळ म्हणा.

हे काही त्यांनी अमेरिकेत जाऊन शोधून काढले नाही. मेक्सिकोत १८५३ साली राजधानीतल्या टोप्या करणाऱ्या कारागिरांनी असे पहिले मंडळ काढले होते. त्याच्याही मागे जुनी, चर्चच्या आसऱ्याची भाऊबंद मंडळे होती. एखाद्या संताच्या नावाने जमायचे, त्याचा सण करायचा, मेलेल्या सभासदाला खांदा द्यायचा. मजूर उत्तरेला गेला तो हे डोक्यात घेऊनच गेला.

चाल कशी होती ते सांगतो. महिन्याला ठरावीक वर्गणी, बहुतेक ठिकाणी डॉलरभर किंवा त्याहून कमी. सभासद आजारी पडला तर दर आठवड्याला ठरलेली रक्कम. मेला तर पेटी, गाडी, खड्ड्याची जागा, आणि विधवेच्या हातात काही रक्कम. ही रक्कम द्यायला पुष्कळ मंडळांत असा नियम होता की एक मयत झाली की प्रत्येक जिवंत सभासदाने जादा ठराविक पैसे टाकायचे. म्हणजे दुसऱ्याचे मरण आपल्या खिशाला लगेच कळायचे. आजारी माणसाला भेटायला दोघातिघांची समिती जायची. एक काम विचारपूस करण्याचे, आणि दुसरे, हे आम्ही हळूच सांगतो, तो खरेच आजारी आहे की दारू पिऊन पडला आहे हे बघण्याचे. दारूने आलेल्या आजाराला पैसे नाहीत, असे नियमातच लिहिलेले असे. सभासद व्हायचे तर चालचलणूक चांगली पाहिजे, दोन जुन्या सभासदांनी शिफारस केली पाहिजे. बैठकीत धर्म आणि राजकारण यांवर बोलायचे नाही, असाही नियम अनेकांचा. धर्म आणि राजकारण बाहेर ठेवले की निम्मी भांडणे आपोआप मिटतात, हे त्यांना कुणी शिकवले नव्हते, अनुभवाने कळले होते.

एक बारीक गोष्ट आम्हाला फार आवडते. अनेक मंडळांचे सभासद छातीवर फीत लावत. एका बाजूने रंगीत, मंडळाचे नाव, झालर. तीच उलटी केली की काळी. मिरवणुकीला रंगीत बाजू बाहेर, मयतीला काळी. एकच फीत, एकच टाचणी. मंडळाचे काम काय, हे घटनेच्या दहा कलमांपेक्षा त्या फितीवरून लवकर कळते.

आता दोन मंडळांची नावे घेतो. ॲरिझोनात टूसॉन नावाचे शहर आहे. तिथे १४ जानेवारी १८९४ रोजी 'आलियान्सा इस्पानो-आमेरिकाना' स्थापन झाली. पुढाकार कार्लोस वेलास्को यांचा. हे मूळचे मेक्सिकोच्या सोनोरा प्रांताचे, वकील, आणि 'एल फ्रोन्तेरिसो' नावाचे वर्तमानपत्र चालवणारे. त्या सुमारास गावात मेक्सिकनांविरुद्ध, कॅथलिकांविरुद्ध वातावरण तापले होते. वेलास्को, मारिआनो सामानिएगो, पेद्रो पेयोन अशी प्रतिष्ठित मंडळी एकत्र आली. ब्रीद ठेवले : संरक्षण, नीती आणि शिक्षण. सुरुवात शहरातल्या बऱ्या स्थितीतल्या लोकांनी केली खरी, पण शाखा गेल्या त्या खाणीच्या गावांत, आणि तिथे त्या मजुरांच्या झाल्या. पुढे ॲरिझोना, कॅलिफोर्निया, न्यू मेक्सिको, टेक्सास, कोलोरॅडो, इतकेच काय, उलटे मेक्सिकोतही शाखा निघाल्या. १९३९ च्या सुमारास सभासद १७,००० च्या वर होते.

दुसरे मंडळ कोलोरॅडोच्या दक्षिण टोकाला, आन्तोनितो नावाच्या खेड्यात. २६ नोव्हेंबर १९०० रोजी सेलेदोनियो मोन्द्रागोन आणि त्यांच्या सोबत्यांनी काढलेले. नाव लांबलचक आहे, अर्थ 'एकत्रित कामगारांचे परस्पर संरक्षण मंडळ'. हे लोक जुने रहिवासी, सरहद्द डोक्यावरून गेलेले, मेंढपाळ नि शेतकरी. जमिनी हातच्या जात होत्या, बाहेरून आलेला मालक मजुरी देत नव्हता. या मंडळाचे सभागृह आन्तोनितोत अजून उभे आहे. हे नाव लक्षात ठेवा, शेवटी परत येऊ.

आता उत्सवाकडे वळू. काही विद्वान मंडळी लिहितात की या मंडळांची मुख्य कामे विमा नि मयत, आणि उत्सव ही करमणूक. आम्हाला हे पटत नाही. वह्या बघितल्या की उत्सव हेच मंडळाचे तोंड आणि तोच मंडळाचा खिसा, असे दिसते.

मोठे दिवस दोन. पहिला १६ सप्टेंबर. १८१० साली दोलोरेस गावच्या मिगेल इदाल्गो नावाच्या धर्मगुरूने पहाटे चर्चची घंटा वाजवून लोकांना स्पॅनिश सत्तेविरुद्ध उभे केले, तो दिवस. आदल्या रात्री व्यासपीठावरून मंडळाचा अध्यक्ष किंवा मेक्सिकोचा वकील 'मेक्सिकोचा जय' अशी आरोळी देतो आणि खालून सगळे उत्तर देतात. दुसरा ५ मे. १८६२ साली पुएब्ला शहराबाहेर मेक्सिकोच्या फाटक्या फौजेने फ्रान्सच्या सैन्याला मागे रेटले, तो दिवस. सेनापती होते इग्नासिओ सारागोसा, त्यांचा जन्म आजच्या टेक्सासमधला. त्यामुळे टेक्सासच्या लोकांना ते घरचे वाटत. गंमत अशी, की ५ मे हा सण मेक्सिकोपेक्षा अमेरिकेत मोठा झाला, आणि याचे मूळ मंडळांतच आहे. विजयाची बातमी आली तेव्हा कॅलिफोर्नियात सोन्याच्या खाणींवर मेक्सिकन माणसे होती. त्यांनी बंदुका उडवल्या, भाषणे केली, आणि मग देशभक्त समित्या काढून अध्यक्ष बेनितो हुआरेस यांच्या लढ्यासाठी महिन्याच्या महिन्याला पैसे जमवले. म्हणजे सणही आधीपासूनच पेटी घेऊनच जन्माला आला.

सणाची तयारी दोन-दोन महिने चाले. समिती नेमायची, बँडवाल्याला सांगायचे, गावच्या नगरपालिकेची परवानगी काढायची. रस्त्याने मिरवणूक, त्यात चित्ररथ : एका रथावर मेक्सिको देवी होऊन बसलेली मुलगी, दुसऱ्यावर अमेरिका. दोन झेंडे, दोन राष्ट्रगीते. रात्री सभागृहात कार्यक्रम : लहान मुलांचे पाठांतर, नाटुकले, गाणे, मग एखादा वक्ता. तो वक्ता फार वेळ बोलत असे आणि लोक ऐकत असत. (आम्ही इकडे बघून हसणाऱ्यांकडे दुर्लक्ष करतो.) अंगणात खाण्याचे ठेले. मक्याच्या सालीत गुंडाळून वाफवलेले तामालेस, हे बायकांनी रात्रभर बसून केलेले असत.

आणि उत्सवाची राणी. ही निवडायची कशी, तर मते विकून. मताला पैसे. जिच्या नावावर जास्त मते खपली ती राणी. आपल्याला हे ऐकून नाक मुरडावेसे वाटेल, आम्हालाही वाटले. पण त्याचा हिशेब बघा. मुलीचा मामा पंचवीस मते घेणार, बापाचा मुकादम दहा घेणार, शेजारची आळी ईर्ष्येने पन्नास घेणार. सगळा पैसा मंडळाच्या पेटीत. एका मुलीच्या डोक्यावर मुकुट चढला आणि वर्षभराच्या मयतींची सोय झाली. वर्गणी मागायला गेलो की माणूस 'पुढच्या आठवड्यात बघू' म्हणतो, आणि जत्रेत तोच माणूस पाकीट उलटे करतो, हे वर्गणीची पावती फाडलेल्या कुणालाही वेगळे सांगायला नको. आपल्या दिंडीत भिशीचे पैसे गोळा करणारे समोर बसले आहेत, ते मान हलवताहेत.

उत्सवाचे आणखी एक काम होते, ते म्हणजे लोकांना एका जागी आणणे. याचा सगळ्यात मोठा दाखला लारेडोचा. लारेडो हे टेक्सासमधले सरहद्दीवरचे शहर. तिथे निकासिओ इदार 'ला क्रोनिका' हे पत्र चालवत. नोव्हेंबर १९१० मध्ये रॉकस्प्रिंग्ज गावी आन्तोनिओ रोद्रिगेस या तरुणाला जमावाने खांबाला बांधून जिवंत जाळले. जून १९११ मध्ये थॉर्नडेल येथे आन्तोनिओ गोमेस या चौदा वर्षांच्या मुलाला जमावाने फासावर लटकवून मारले. चौदा वर्षांचा मुलगा! इदार यांनी सगळ्या मंडळांना, फ्रीमेसन लोकांना, वर्तमानपत्रांना हाक दिली आणि १४ ते २२ सप्टेंबर १९११ या दिवसांत लारेडोला परिषद भरवली. तारीख बघा : १६ सप्टेंबर मधोमध. सणासाठी लोक तसेही प्रवास करणारच होते. जमावाने मारणे, मुलांना वेगळ्या शाळेत घालणे, स्पॅनिश भाषा बुडणे, जमिनी जाणे, या सगळ्यांवर तिथे बोलणे झाले. बायकांनी स्वतःची संघटना काढली, तिच्या पहिल्या अध्यक्ष झाल्या निकासिओ यांच्या कन्या होविता इदार. गरीब मुलांना मोफत शिकवणे हे त्यांचे पहिले काम. २०२३ साली अमेरिकेने पाव डॉलरच्या नाण्यावर याच होविताबाईंचे चित्र छापले. ज्या सरकारच्या राज्यात त्यांच्या माणसांना झाडाला टांगत, त्याच सरकारचे नाणे. परिषदेतून जो मोठा संघ निघाला तो मात्र फार टिकला नाही. हेही सांगितले पाहिजे. ठराव करणारे मोठे संघ विझले, आणि मयतीचे पैसे देणारी लहान मंडळे चालू राहिली.

आता एक खटल्याची गोष्ट, कारण तिच्यात पोवाडाही आहे. १२ जून १९०१. टेक्सासमधला कार्न्स परगणा. ग्रेगोरिओ कोर्तेस नावाचा कुळवाडी शेतकरी आपल्या घरासमोर. शेरीफ, म्हणजे तिकडचा फौजदार समजा, घोडाचोराच्या शोधात आला. सोबत दुभाषा, अर्ध्या कच्च्या स्पॅनिशचा. विचारले, "तू नुकताच घोडा बदलून घेतलास का?" कोर्तेस म्हणाला, "नाही." कारण त्याने घेतली होती घोडी. स्पॅनिशमध्ये घोडा वेगळा शब्द, घोडी वेगळा. दुभाष्याला वाटले खोटे बोलतो. अटक करायला पुढे झाले, शेरीफने कोर्तेसच्या भावाला गोळी घातली, कोर्तेसने शेरीफला. एका शब्दापायी! पुढे दहा दिवस शेकडो लोक, कुत्री, घोडी, रेल्वे त्याच्या मागे, तो पायी नि घोड्यावर सरहद्दीकडे पळतो आहे. शेवटी लारेडोजवळ पकडला. मग मंडळे उभी राहिली. सान आन्तोनिओचे संपादक पाब्लो क्रूस यांनी 'एल रेहिदोर' पत्रातून निधी उघडला, कामगारांच्या मंडळांनी वर्गणी काढली, सणाच्या कार्यक्रमांतून पैसे आले, वकील लावले. खटले एकामागून एक, एका परगण्यातून दुसऱ्यात. काही शिक्षा वरच्या कोर्टात रद्द झाल्या, एक जन्मठेप राहिली, आणि १९१३ मध्ये गव्हर्नरने त्याला माफी दिली. बारा वर्षे पैसा पुरवणारे हात कुणाचे होते? दिवसाला डॉलर मिळवणाऱ्यांचे. त्याच्यावर जो पोवाडा झाला, त्याला तिकडे 'कोरिदो' म्हणतात, तो सरहद्दीवर अजून गातात. आमेरिको पारेदेस यांनी १९५८ साली त्यावर ग्रंथ लिहिला, तेव्हा कुठे विद्यापीठांना कळले की मजुरांच्या गाण्यात इतिहास असतो. आपल्याला ते आधीच ठाऊक होते.

बैठकीत राजकारण नको म्हणणारी हीच मंडळे वेळ आली की संपाची मंडळे झाली. १९०३ साली ॲरिझोनात क्लिफ्टन-मोरेन्सीच्या तांब्याच्या खाणीत कायद्याने दिवस आठ तासांचा झाला आणि मालकांनी मजुरी कापली, तेव्हा मेक्सिकन आणि इटालियन मजुरांचा संप उभा राहिला तो या मंडळांच्या आधाराने. पुढारी आब्रान सालसिदो हे तिथल्या एका परस्पर मंडळाचेच अध्यक्ष. जूनमध्ये मोठा पूर आला, माणसे वाहून गेली, आणि संपही त्यात गेला. पुढे १९२८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या इंपीरियल खोऱ्यात खरबुजाच्या तोडणीला एका खोक्यामागे १५ सेंट मागत संघटना उठली. ती निघाली कशातून? एल सेन्ट्रो गावचे बेनितो हुआरेस मंडळ आणि ब्रॉलीचे मिगेल इदाल्गो मंडळ यांतून. (याच खोऱ्यात त्या काळी पंजाबचे शेतकरी होते, आणि त्यांच्यातल्या पुष्कळांनी मेक्सिकन बायका केल्या होत्या. पोरांची नावे होसे सिंग, अशी. हा विषय वेगळा, पण गोड आहे.) शेरीफने पुढाऱ्यांना तुरुंगात घातले, संप मोडला. मंडळ मोडले नाही.

मग तिशीचे दिवस आले. सगळ्यात अवघड गोष्ट इथे आहे.

१९२९ ला मंदी आली. काम गेले. 'मेक्सिकन आपले काम खातो' अशी हाकाटी सुरू झाली. १९३१ पासून लॉस एंजेलिसहून, टेक्सासहून, शिकागोजवळच्या पोलादाच्या गावांतून लोकांना आगगाडीत, ट्रकमध्ये बसवून मेक्सिकोला पाठवू लागले. कुठे धाड घालून, कुठे मदत बंद करण्याची भीती दाखवून, कुठे फुकट तिकीट देऊन. किती गेले? अभ्यासकांचे अंदाज चार लाखांपासून दहा लाखांच्या वर जातात, आणि त्यात निम्म्याहून अधिक जण अमेरिकेतच जन्मलेले, म्हणजे नागरिक, असे धरतात. त्यांत लहान मुले पुष्कळ.

आता मंडळांनी काय करावे? जे मंडळ माणसाला इथे माती मिळावी म्हणून निघाले, त्याच मंडळाकडे सभासद येऊन म्हणू लागला, आम्हाला गाडीभाडे द्या, जायचे आहे. मंडळांनी दिले. जिथे दिले तिथे स्टेशनवर जेवण, कपडे, औषधे यांची सोय केली. मेक्सिकन बायकांचे 'क्रूस आसूल', म्हणजे निळा क्रॉस, आणि वकिलातीच्या मदतीने गावोगाव निघालेल्या सन्मान समित्या, यांनी जत्रा भरवल्या, नाटके केली, पैसे जमवले. जत्रा तीच, ठेले तेच, तामालेस तेच. पण या वेळी राणीच्या मतांचा पैसा शेजाऱ्याला कायमचा निरोप द्यायला गेला. गाडी सुटल्यावर सभासदांची यादी निम्मी. निम्म्या यादीवर वर्गणी कशी भागायची? पुष्कळ मंडळे तिथेच बंद पडली. कॅलिफोर्नियाने या प्रकाराबद्दल कायदा करून माफी मागितली, पण ती २००५ साली.

काही जण विचारतात, मंडळांनी जाणाऱ्यांना पैसे देऊन सरकारचेच काम हलके केले, असे नाही का? आम्हाला हा प्रश्न घरात बसून विचारलेला वाटतो. उपाशी पोरे घेऊन माणूस दारात उभा असताना तत्त्वाची चर्चा करायला वेळ कुणाला होता? तरीही, विरोध न करता सोय करणे आणि सोय करता करता विरोध करणे, यांत फरक असतो, आणि सगळीच मंडळे दुसरे करू शकली नाहीत, एवढे मान्य केले पाहिजे.

मंडळे ओसरली त्याची दुसरी कारणे साधी आहेत. १९३५ चा सामाजिक सुरक्षेचा कायदा, कामगार संघटना, विमा कंपन्यांना अचानक सुचलेले शहाणपण की मेक्सिकनही हप्ता भरतो. शिवाय नवी पिढी. १९२९ साली कॉर्पस क्रिस्टी येथे नवी संघटना निघाली, लुलॅक तिचे संक्षिप्त नाव, तिने फक्त अमेरिकन नागरिकांनाच घेतले आणि इंग्रजी ही अधिकृत भाषा ठेवली. जुन्या मंडळात कागद विचारत नसत, इथे विचारू लागले. त्यांची बाजूही होती : मत असल्याशिवाय शाळा उघडत नाही. पण कागद नसलेल्या शेजाऱ्याला दाराबाहेर ठेवून उघडलेली शाळा, हे आमच्या गळी उतरत नाही. आलियान्साने या बाबतीत वेगळे करून दाखवले. १९५१ मध्ये ॲरिझोनातल्या टॉलेसन गावी मेक्सिकन मुलांची वेगळी शाळा होती, तिच्याविरुद्ध केंद्रीय कोर्टात दावा लावायला विमा चालवणारे हे जुने मंडळ उभे राहिले, आणि जिंकले. काळ्या मुलांच्या शाळांचा तो प्रसिद्ध निकाल १९५४ चा, त्याच्या तीन वर्षे आधी. पण पुढच्या दहा-पंधरा वर्षांत हीच आलियान्सा पैशाच्या गैरव्यवस्थेने बुडाली. सत्तर वर्षे वही नीट राहिली, नि मग काही वर्षांत संपली. खजिनदार मंडळींनी हे नुसते ऐकून ठेवावे.

बायकांबद्दल एक राहिले. नियमांच्या पुस्तकात बायका उशिरा आल्या. आलियान्साने १९१३ मध्ये त्यांना सभासद करून घेतले, म्हणजे स्थापनेनंतर एकोणीस वर्षांनी. त्याआधी तामालेस कोण वाफवत होते, रथांची वस्त्रे कोण शिवत होते, आजाऱ्याच्या घरी डबा कोण पोचवत होते? वहीत खर्च लिहिला आहे 'मका, लाकूड, दोर'. राबलेल्या हातांचा रकाना नाही.

आजचे चित्र थोडक्यात. जुन्या मंडळांचे वारस म्हणजे गावकऱ्यांचे क्लब. लॉस एंजेलिस, शिकागो इथे एकेका गावातून आलेल्यांचा क्लब असतो, साकातेकास प्रांताचे विशेष. ते जत्रा भरवतात, राणी निवडतात, पैसा जमवतात, आणि तो गावाकडे पाठवतात : पाण्याची टाकी, रस्ता, चर्चचे छप्पर. सरकारने यावर योजना काढली, क्लबने एक डॉलर टाकला तर केंद्र, प्रांत आणि गावपंचायत यांनी एकेक टाकायचा. 'एकाला तीन' असे तिचे नाव, २००२ पासून देशभर होती, २०२० च्या सुमारास बंद झाली. पूर्व लॉस एंजेलिसला १९३१ पासून डिसेंबरात ग्वादालूपे मातेची पदयात्रा निघते. मेक्सिकोतल्या धर्मयुद्धातून पळून आलेल्या लोकांनी ती सुरू केली, त्याच वर्षी जेव्हा आगगाड्या माणसे भरून उलट्या दिशेने जात होत्या. रस्त्याने फुले, ढोल, मुले इंडियन वेशात, मागे म्हाताऱ्या पायी.

आणि आन्तोनितो. खेड्यात आता काम नाही, तरुण शहरांत गेले. सभासद पूर्वीच्या मानाने अगदी थोडे. पण मंडळ आहे. सभासद वारला की बाकीचे जमतात, फीत उलटी लावतात आणि कबरीपर्यंत जातात. सभागृह राष्ट्रीय वारसा म्हणून नोंदले गेले आहे. छपराच्या डागडुजीला पैसे लागतात, ते जेवणावळी घालून जमवतात.

स्वयंपाकघरातून दोनदा निरोप आला आहे, पंगत मांडली म्हणून. आम्ही थांबतो. रामकृष्ण हरी!